जंतू एकच, रोगाची रूपे मात्र अनेक
कुष्ठरोग, शरीराची प्रतिकारशक्ती आणि आपली जबाबदारी

आषाढात आळंदीची पालखी माळशिरसचा मुक्काम आटोपून वेळापूरला येते आणि पुढे भंडीशेगाव, वाखरी करीत पंढरपूर गाठते. या वाटेवर गर्दी जमली की बोटे झडलेली, नाक बसलेली माणसे पुढ्यात थाळी ठेवून बसलेली जुन्या पिढीने पाहिली आहेत. येणारा-जाणारा दुरूनच नाणे टाकी आणि ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणून पुढे जाई. त्याच परिसरात, दंडावर एक फिकट चट्टा उठला म्हणून सरकारी दवाखान्यात सहा महिने गोळ्या घेतलेला आणि आज उसाच्या फडात इतरांच्या बरोबरीने कोयता चालवणारा माणूसही असू शकतो. त्याला कधी हाच रोग झाला होता, हे त्याच्या शेजाऱ्यालासुद्धा ठाऊक नसते.

दोघांना झालेला रोग एकच, रोगाचा जंतूही एकच. मग एकाची बोटे गेली आणि दुसऱ्याच्या अंगावर फक्त एक चट्टा आला, असे का? या प्रश्नाचे उत्तर पापपुण्यात नाही आणि कोणाच्या जातीत किंवा घराण्यातही नाही. जंतू शरीरात शिरल्यावर शरीर त्याला कसा प्रतिकार करते आणि औषध किती लवकर मिळते, या दोन गोष्टींत ते आहे. ज्या समाजाने ‘शिवू नका’ हा शब्द पिढ्यानपिढ्या ऐकला, त्या समाजाने तर हे उत्तर नीट समजून घेतलेच पाहिजे.

जंतूची ओळख

१८७३ साली नॉर्वे देशातील बर्गन शहरात डॉ. गेरहार्ड आर्मोअर हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. तोवर हा रोग आनुवंशिक आहे, असे मोठमोठे वैद्यकतज्ज्ञही मानत होते. हॅन्सन यांच्या शोधामुळे त्या समजुतीचा पाया ढासळला. मायकोबॅक्टेरियम लेप्री असे या जंतूचे शास्त्रीय नाव असून तो क्षयरोगाच्या जंतूचा भाऊबंद आहे.

या जंतूच्या स्वभावातील तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे तो अतिशय संथ आहे. पटकीचे जंतू तासाभरातच दुपटीहून अधिक होतात, तर याला एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी कधी वीस वर्षेही लोटतात. दुसरी गोष्ट अशी की त्याला थंड जागा आवडते. म्हणून कानाच्या पाळ्या, नाक, हातपाय आणि कातडीलगत जाणारे मज्जातंतू हे त्याचे ठिकाण. तिसरी गोष्ट, तो आपल्या पेशींच्या आत शिरून राहतो. मज्जातंतूंभोवती असलेल्या पेशींतही तो ठाण मांडतो. या तिसऱ्या गोष्टीवरच पुढची सारी हकीकत अवलंबून आहे.

हात लावल्याने, हस्तांदोलनाने किंवा एका पंगतीत जेवल्याने हा रोग पसरत नाही. ज्याने औषध सुरू केलेले नाही अशा रुग्णाच्या सहवासात दीर्घकाळ राहिल्यास त्याच्या नाकातोंडावाटे उडणाऱ्या तुषारांतून जंतू दुसऱ्याकडे जातो. त्यातही शंभरातील सुमारे पंचाण्णव माणसांच्या अंगी या जंतूला पुरून उरेल अशी प्रतिकारशक्ती निसर्गतःच असते. जंतू शरीरात येतो आणि मारला जातो, माणसाला पत्ताही लागत नाही. प्रश्न उरतो तो उरलेल्या थोड्या माणसांचा.

शरीराची दोन दले

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी ढोबळमानाने दोन दले आहेत, असे समजू या. एक दल प्रतिपिंडांचे. ही रक्तात फिरणारी द्रव्ये असतात. उघड्यावर सापडलेल्या जंतूला ती चिकटतात आणि निकामी करतात. दुसरे दल पेशींचे. त्यात जंतूंना गिळणाऱ्या मोठ्या पेशी असतात आणि त्यांना हुकूम देणाऱ्या ‘टी’ पेशी असतात. गिळणाऱ्या पेशीने जंतू पोटात घेतला, तरी टी पेशीचा इशारा मिळाल्याखेरीज तिला तो नीट मारता येत नाही.

कुष्ठरोगाचा जंतू पेशींच्या आत लपतो. तेथे प्रतिपिंडांचा हात पोचत नाही. म्हणून या लढाईत पेशींचे दलच कामाचे. ते दल किती जागे आहे, यावरून रोगाचे रूप ठरते.

ज्याचे पेशींचे दल जागे आणि जोरदार आहे, त्याच्या शरीरात जंतू फार वाढू शकत नाहीत. अंगावर एक-दोन चट्टे येतात. त्यांच्या कडा स्पष्ट असतात आणि त्या जागी संवेदना नसते. त्या चट्ट्यात जंतू शोधूनही सहसा सापडत नाहीत. याला डॉक्टर ट्यूबरक्युलॉइड प्रकार म्हणतात. अशा रुग्णापासून इतरांना लागण होण्याची शक्यता अगदी कमी असते.

ज्याचे पेशींचे दल या एका जंतूपुढे झोपी गेले आहे, त्याची स्थिती नेमकी उलट. गिळणाऱ्या पेशी जंतूंनी भरून जातात, पण त्यांना मारीत नाहीत. कातडीत कोट्यवधी जंतू साठतात. चट्ट्यांऐवजी सबंध कातडी तेलकट, जाडसर दिसू लागते. कानाच्या पाळ्या जाड होतात, त्यांवर गाठी येतात, भुवया झडतात, पुढे नाक बसते. हा लेप्रोमॅटस प्रकार. यात एक मोठी विसंगती आहे. अशा रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर असतात! ज्या दलाचा उपयोग नाही ते जोरात आहे आणि ज्याचा उपयोग आहे ते झोपलेले. शिवाय हाच माणूस इतर अनेक रोगजंतूंशी व्यवस्थित लढतो. म्हणजे तो मुळात दुबळा असतो असे नाही, या एका शत्रूला त्याचे शरीर शत्रू म्हणून ओळखत नाही, इतकेच.

या दोन टोकांमध्ये बहुसंख्य रुग्ण कोठेतरी असतात. रिडले आणि जॉपलिंग या दोन डॉक्टरांनी १९६६ साली प्रतिकारशक्तीच्या आधारे कुष्ठरोगाचे पाच प्रकार मांडले. ती वर्गवारी आजही शिकवली जाते. दवाखान्यात मात्र सोपा हिशेब चालतो. पाचपर्यंत चट्टे असतील तर अल्पजंतू, त्याहून अधिक असतील किंवा तपासणीत जंतू सापडले तर बहुजंतू. कार्डावर पी.बी. आणि एम.बी. अशी अक्षरे लिहिलेली असतात, ती हीच.

एखाद्याचे शरीर एका टोकाला आणि दुसऱ्याचे दुसऱ्या टोकाला का झुकते? त्यात जनुकांचा काही वाटा असल्याचे संशोधनात आढळले आहे. याचा अर्थ रोग बापाकडून मुलाकडे वारसाने येतो असा मात्र नाही. जंतू शरीरात गेल्याशिवाय रोग नाही. दाटीवाटीचे घर आणि पोटाला कमी पडणारे अन्न यांचाही या रोगाशी संबंध दिसून आला आहे. म्हणून हा रोग गरिबांच्या वस्तीत अधिक रेंगाळतो. तो दोष वस्तीतल्या माणसांचा नाही, त्यांच्या वाट्याला आलेल्या परिस्थितीचा आहे.

बोटे जंतू खात नाहीत

‘महारोगात बोटे गळून पडतात’ असे सर्रास म्हटले जाते. जंतू बोटे खातो, असा समज त्यामागे आहे. खरी गोष्ट वेगळी आहे. मज्जातंतू निकामी झाले की हातापायाची संवेदना जाते. चुलीवरून भाकरी उतरवताना बोट पोळले तरी बाईला कळत नाही. बाभळीचा काटा तळव्यात मोडला तरी शेतमजुराला समजत नाही. त्याच पायाने तो दिवसभर चालतो. जखम चिघळते, पू होतो, हाड झिजते. अशा दुर्लक्षित जखमा पुनःपुन्हा होऊन बोटे आखूड होत जातात. म्हणजे बोटे जातात ती वेदना हरपल्यामुळे. वेदना ही शरीराची राखणदार आहे, हे ती गेल्यावर कळते.

आणि मज्जातंतू निकामी होतात कसे? येथे प्रतिकारशक्तीचीच दुसरी बाजू पुढे येते. ज्याचे पेशींचे दल जोरात आहे, त्याच्या बाबतीत ते मज्जातंतूत लपलेल्या जंतूवर तुटून पडते. त्या चकमकीत मज्जातंतू सुजतो आणि चिरडला जातो. म्हणून थोडे चट्टे असलेल्या, ‘सौम्य’ म्हटलेल्या रुग्णाचाही हात लवकर लुळा पडू शकतो. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितके चांगले, असा सरळ हिशेब येथे लागत नाही.

‘औषध उष्ण पडले’ म्हणून थांबू नका

औषध सुरू असताना, आणि कधी ते संपल्यावरही, काही रुग्णांना एकाएकी त्रास होतो. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, कोपराजवळची नस दुखते, दोन-चार दिवसांत हाताची पकड सैल होते. दुसऱ्या प्रकारात अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात, ताप येतो, सांधे धरतात. घरचे म्हणतात, ‘गोळ्या उष्ण पडल्या’ आणि औषध बंद करतात. सर्वांत मोठा घात येथे होतो.

हा औषधाचा दोष नसतो. याला रिॲक्शन, म्हणजे प्रतिक्रिया म्हणतात. पहिल्या प्रकारात झोपलेले पेशींचे दल अचानक जागे होऊन जंतूंवर आणि त्यांच्या अवशेषांवर तुटून पडते. दुसऱ्या प्रकारात बहुजंतू रुग्णाच्या शरीरातील जंतूंचे अवशेष आणि प्रतिपिंडे यांच्या संयोगातून दाह होतो. दोन्हींत कुष्ठरोगाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या असतात आणि ताबडतोब डॉक्टरांना गाठायचे असते. प्रेडनिसोलोनसारखे सूज उतरवणारे औषध वेळेवर मिळाले तर हात वाचतो. उशीर झाला तर तोच हात कायमचा वाकडा राहतो. ते औषध मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे.

घरातील स्त्रियांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गरोदरपणात शरीराच्या प्रतिकारशक्तीत बदल होतो आणि बाळंतपणानंतर ती पूर्वपदावर येते. म्हणून बाळंतीण असताना अशी प्रतिक्रिया उमटण्याचा संभव अधिक. बाळंतिणीच्या हाताला मुंग्या येत असतील, पकड जात असेल, तर ‘अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा’ एवढ्यावर भागवू नये. कुष्ठरोगाच्या गोळ्या गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही घेता येतात. बाळाला आईपासून तोडण्याची मुळीच गरज नाही.

उपचार सोपा, मोफत आणि खात्रीचा

एकेकाळी या रोगावर औषध नव्हते. होते ते फक्त वेगळे ठेवणे. मुंबईत माटुंगा-वडाळ्याला महापालिका आयुक्त ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी काम सुरू केले. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याचे आनंदवन उभे केले. तेथे रुग्णांनी स्वतःच्या हातांनी शेती पिकवली, कारखाने चालवले. ज्यांना समाजाने हात लावला नाही, त्यांचेच हात काय करू शकतात हे महाराष्ट्राने तेथे पाहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि चित्र पालटले. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही त्यातील मुख्य औषधे. अल्पजंतू रुग्णाला सहा महिने, बहुजंतू रुग्णाला बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. रिफॅम्पिसिनच्या पहिल्या मात्रेतच शरीरातील बहुतेक जंतू मरतात आणि रुग्णापासून लागण होण्याचा धोका झपाट्याने उतरतो. क्लोफाझिमिनमुळे कातडी काळपट-तांबूस दिसते. तरुण मुली आणि सुना याच भीतीने गोळ्या लपवून टाकून देतात. त्यांना सांगा की औषध संपल्यावर काही महिन्यांत हा रंग उतरतो, पण गोळ्या सोडल्या तर गेलेली संवेदना परत येत नाही.

ही औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. वेळापूर परिसरातील लोकांना अकलूजचे उपजिल्हा रुग्णालयही जवळ आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर परगावी जाणाऱ्यांनी जाण्यापूर्वी दवाखान्यात तसे सांगावे. पुढची पाकिटे बरोबर नेता येतात आणि कार्ड दाखवून दुसऱ्या गावीही औषध मिळते. बधिर पायांसाठी मऊ रबराच्या एम.सी.आर. चपला सरकारी कार्यक्रमातून दिल्या जातात, त्यांची मागणी करावी.

लसीच्या बाबतीतही काम झाले आहे. लहानपणी टोचली जाणारी बी.सी.जी. लस क्षयाबरोबर कुष्ठरोगापासूनही काही प्रमाणात संरक्षण देते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत तयार झालेल्या आय.सी.आर.सी. लसीची तामिळनाडूत मोठी चाचणी झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. झोपलेल्या पेशीदलाला जागे करणे हाच या लसींचा हेतू. आता रुग्णाच्या घरातील निरोगी माणसांना तपासून रिफॅम्पिसिनची एक मात्रा देण्याची पद्धतही आली आहे. आरोग्य कर्मचारी घरी आले तर ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणून दार लावू नये.

डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि ‘कुष्ठरोगाचे दूरीकरण झाले’ असे जाहीर झाले. लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. तो संपलेला नाही. २०२२-२३ या वर्षातही देशात एक लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडले. जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आपल्या देशातील आहेत.

सुप्रबुद्धाची कथा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात तळागाळातील माणसांच्या धम्मदीक्षेचे प्रकरण आहे. उपाली न्हावी, सुनीत भंगी यांच्या बरोबरीने बाबासाहेबांनी त्यात राजगृहाच्या सुप्रबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा दिली आहे. लोकांची गर्दी पाहून तेथे अन्न वाटले जात असेल, या आशेने सुप्रबुद्ध जवळ आला. पाहतो तो तथागत उपदेश करीत होते. तो एका बाजूला बसला. तथागतांनी सभेतील सर्वांकडे पाहिले आणि धम्म समजण्याची पात्रता त्यांना या कुष्ठरोग्याच्या ठिकाणी दिसली. त्याला समजेल अशा क्रमाने त्यांनी उपदेश केला आणि सुप्रबुद्ध उपासक झाला. भाकरीच्या आशेने आलेल्या माणसाला तथागतांनी माणूस म्हणून ओळखले.

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेची कठोर चिकित्सा केली आहे. माणसाच्या दुःखाचा दोष त्याच्याच मागच्या जन्मावर टाकला की समाज मोकळा होतो, हे त्यांनी ओळखले होते. रोगाला ‘भोग’ म्हणणारा माणूस नकळत तेच करीत असतो. जंतू पूर्वजन्म विचारीत नाही आणि टी पेशी जात पाहात नाही.

कायदाही बराच काळ रुग्णाच्या विरोधात उभा होता. १८९८ च्या कायद्याने भीक मागणाऱ्या निर्धन कुष्ठरोग्याला वॉरंटशिवाय पकडण्याची मुभा पोलिसांना दिली होती. तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. तेव्हा ‘सुनेला डाग निघाला, तिला माहेरी पाठवा’ म्हणणाऱ्याच्या बाजूने आज विज्ञान नाही, कायदा नाही आणि धम्म तर नाहीच.

आपण काय करावे

घरात महिन्यातून एकदा मुलाबाळांसह सर्वांचे अंग उजेडात पाहावे. फिकट किंवा तांबूस चट्टा, जो खाजत नाही आणि दुखत नाही, तो संशयाने पाहावा. डोळे मिटायला सांगून त्यावर कापसाचा बोळा किंवा पेनाचे टोक हलकेच लावावे. स्पर्श कळत नसेल तर दवाखाना गाठावा. दुधासारखा पांढरा कोडाचा डाग वेगळा. त्यात संवेदना शाबूत असते आणि तो कुष्ठरोग नव्हे. हातापायाला मुंग्या, पायातली चप्पल निसटून गेलेली न कळणे, डोळ्याची पापणी पूर्ण न मिटणे, कानाची पाळी जाड होणे, हीही लक्षणे आहेत.

बधिर हातापायाच्या माणसाने रोज संध्याकाळी हातपाय साध्या पाण्यात वीस मिनिटे भिजवून तेल लावावे आणि तळवे निरखून पाहावेत. गरम भांडे फडक्यानेच धरावे. हे काम घरातल्या कोणी त्याच्या शेजारी बसून करावे, म्हणजे ते रोज होते.

आणि महिला मंडळाच्या बैठकीत, विहारातील वंदनेनंतर, भीमजयंतीच्या कार्यक्रमात पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. वस्तीत कोणी रुग्ण असेल तर त्याला वंदनेला बोलवा, सर्वांबरोबर बसवा, त्याच्या हातचा चहा घ्या. गोळ्या जंतू मारतील. दवाखान्यात जायची त्याची भीती मात्र आपल्याच वागण्याने जाणार आहे, आणि ती लवकर गेली तर त्याचा हात वाचणार आहे.

जय भीम!